मदत हवी आहे: अमेरिकेत एसबीआयसीकडून (स्मॉल बिझनेस इन्व्हेस्टमेंट कंपनी) भांडवल घेतलंय का कोणी?

नमस्कार मंडळी. अमेरिकेत माझी छोटी सॉफ्टवेअर कंपनी आहे. हप्त्यांचं कर्ज नकोय, भागभांडवल हवंय. १९५८ च्या कायद्यातून आलेल्या एसबीआयसी खाजगीच असतात, पण एसबीएच्या (छोट्या धंद्यांसाठीची अमेरिकी सरकारी संस्था) हमीवर पैसा उभारून छोट्या धंद्यांत गुंतवतात, एवढं समजलं. निक्सन यांच्या काळात, १९६९ मध्ये, खास अल्पसंख्याकांच्या धंद्यांसाठी अशा कंपन्या निघाल्या. १९९६ नंतर त्यांचे नवे परवाने बंद. मग आता आपल्यासारख्यांनी सर्वसाधारण एसबीआयसीचंच दार ठोठवायचं का? बँकवाले तर सारखं ७(ए) कर्जच, म्हणजे एसबीएच्या हमीचं बँकेचं कर्ज, पुढे करतात (त्यांना तेच विकायचंय म्हणा!). साधारण किती हिस्सा मागतात? संचालक मंडळात खुर्चीही लागते का त्यांना? अनुभव असेल तर प्लीज सांगा.