कॅपिलरी फिल्म घेऊ की इमल्शनच बरं?

प्रश्न: स्क्रीन प्रिंटिंगने लग्नपत्रिका छापतो, १२० ची मेश (फ्रेमवर ताणलेली जाळी). हाताने इमल्शन (प्रकाशाने घट्ट होणारं पातळ द्रावण) लावतो पण बारीक अक्षरांच्या कडा दातेरी येतात, वेलांटीची टोकं तुटतात, कॅपिलरी फिल्मवर (त्याच थराची तयार शीट) जाऊ का?

उत्तर: जा बिनधास्त. फिल्मची जाडी कारखान्यातूनच एकसारखी येते, ओल्या मेशला लावली की आपोआप ओढली जाते. मेश मात्र नीट डिग्रीज करा (तेलकटपणा धुऊन काढा), तेलकट राहिली की तिथूनच फिल्म सुटते.

उत्तर: दादा, फिल्म महाग पडते. मी टी-शर्टच्या मोठ्या ऑर्डरला इमल्शनच वापरतो, टिकतं जास्त. वाळल्यावर छपाईच्या बाजूने (जी कागद-कापडाला टेकते) अजून एक-दोन हात मारा, कडा सुधारतात, आणि फ्रेम तीच बाजू खाली ठेवून आडवी वाळवा.

प्रश्नकर्ता: पावसाळ्यात लवकर वाळतच नाही हो.

उत्तर: मग तेच कारण! अर्धवट वाळलेलं इमल्शन एक्स्पोज केलं (डिझाइन ठेवून प्रकाश दिला) की धुताना बारीक रेघा आधी जातात.