मदत हवी आहे: न्यू जर्सीत नर्स असलेल्या बहिणीने एचआरकडे तक्रार केल्यावर त्रास वाढला, सोलापुरातून काय करता येईल?

होटगीरोड (धागाकर्ता)
धाकटी बहीण ईबी-३ (नोकरीच्या आधारावर मिळणाऱ्या) ग्रीन कार्डावर न्यू जर्सीतल्या एका मोठ्या खाजगी हॉस्पिटलात नर्स आहे. ब्रेक रूममध्ये मैत्रिणीशी मराठीत बोलली म्हणून चार्ज नर्सने (शिफ्टच्या प्रमुख नर्सने) सर्वांसमोर झापलं. "तुझं इंग्रजी पेशंटला कळत नाही" हे तर रोजचंच. तिने १० फेब्रुवारीला एचआरला मेल केला. २४ फेब्रुवारीला चार्टिंगला (पेशंटच्या नोंदी करायला) उशीर झाल्याची लेखी ताकीद हातात! तेव्हापासून वीकेंडच्या सगळ्या नाइट तिच्याच वाट्याला. एचआर म्हणतं, चौकशी चालू आहे, थांबा. आई म्हणते, राजीनामा दे आणि परत ये. सोलापुरातल्या वकिलाकडून नोटीस पाठवावी का?

कायदा_कट्टा
इथल्या नोटिशीने काही होणार नाही, तो खर्च वाचवा. आणि एचआरसाठी थांबू नका. आतली चौकशी चालू असली तरी बाहेर सरकारकडे तक्रार करायची मुदत थांबत नाही, हे तिथल्या सुप्रीम कोर्टाने १९८० मध्येच रिक्स खटल्यात सांगितलंय.

२४ फेब्रुवारीच्या ताकिदीपासून मोजा. न्यू जर्सीच्या डिव्हिजन ऑन सिव्हिल राइट्सकडे (राज्याच्या नागरी हक्क विभागाकडे) १८० दिवस, म्हणजे २३ ऑगस्ट. केंद्राच्या ईईओसीकडे (नोकरीतल्या भेदभावाच्या तक्रारी बघणारा आयोग) ३०० दिवस, म्हणजे २१ डिसेंबर. राज्याच्या कायद्याखाली थेट कोर्टात जायला दोन वर्षं. ताकीद, बदली, बढती नाकारणं अशा प्रत्येक कृतीची मुदत वेगळी धावते, शेवटच्या घटनेपासून एकत्र मोजता येत नाही.

ईईओसीला फी नाही. पोर्टलवर चौकशी अर्ज, मग मुलाखत, मग 'चार्ज'वर (औपचारिक तक्रारीवर) सही. मुलाखतीची तारीख उशिरा मिळते, आणि नुसता चौकशी अर्ज म्हणजे चार्ज नव्हे. इथेच लोकांची मुदत हुकते. पुढे 'राइट टू सू' (कोर्टात दावा लावायची मुभा देणारं) पत्र मिळालं की केंद्रीय कायद्याखालच्या दाव्याला फक्त ९० दिवस. ते पत्र पोर्टलवरच येतं, म्हणून लॉगिन बघत राहायला सांगा.

वॉर्ड_नंबर_९
ताई, राजीनामा आत्ता नको. स्वतःहून सोडलं की "जगणं अशक्य केलं म्हणून सोडावं लागलं" हे सिद्ध करावं लागतं, आणि ते फार अवघड. रागाने शिफ्ट अर्धवट टाकून तर मुळीच निघायचं नाही, पेशंट सोडून गेल्याची तक्रार लायसन्स बोर्डाकडे जाऊ शकते. ग्रीन कार्ड हातात असल्याने नोकरी गेली म्हणून ते रद्द होत नाही. एच-१बी (तात्पुरता कामाचा व्हिसा) असतं तर दुसरी सोय करायला जास्तीत जास्त ६० दिवस मिळाले असते.

एचआरच्या मेलमध्ये नेमकं काय लिहिलंय?

होटगीरोड
(मी भाऊ आहे 🙂) मेलमध्ये "अन्फेअर ट्रीटमेंट" एवढंच आहे. मराठीचा किंवा इंग्रजीच्या टोमण्याचा उल्लेख नाही.

कायदा_कट्टा
दादा, मग ही कच्ची बाजू आहे. सूडाच्या कारवाईपासून संरक्षण मिळायला तक्रार भेदभावाविरुद्ध होती हे त्यातून कळायला हवं. नुसतं 'अन्याय' लिहिलं की हॉस्पिटल म्हणणार, आम्हाला कुठे माहीत होतं? आजच दुसरा मेल करू द्या: "माझ्या राष्ट्रीय मूळावरून आणि उच्चारावरून भेदभाव होतोय", खाली तारखा, शब्द, साक्षीदार. इथून पुढच्या कारवाईला हा मेल आधार होईल. आधीच्या ताकिदीवर भेदभावाचा मुद्दा तरीही उभा राहतो.

ब्रेकमध्येही इंग्रजीच बोला, हा नियम ईईओसी संशयानेच बघते. उच्चाराचं कारण चालायला त्याने कामात खरोखर अडथळा येत असला पाहिजे.

चार्टिंगच्या कारणाला हलकं घेऊ नका. नासर खटल्यात (२०१३, तोही एका डॉक्टरचाच) ठरलं की केंद्रीय कायद्याखाली, तक्रार नसती तर कारवाई झालीच नसती, हे दाखवावं लागतं. त्या महिन्यात आणखी कोणाला चार्टिंगला उशीर झाला आणि ताकीद मात्र मिळाली नाही? या एका उत्तरावर बरंच अवलंबून आहे.

वॉर्ड_नंबर_९
पण ते शोधायला चार्टचे स्क्रीनशॉट काढायचे नाहीत! पेशंटची माहिती स्वतःच्या मेलवर गेली की हिपा (पेशंटच्या माहितीच्या गोपनीयतेचा) कायदा मोडला म्हणून काढून टाकायला आयतं कारण. तारीख, शिफ्ट, किती पेशंट दिले, कोणी काय म्हटलं, एवढं घरच्या वहीत लिहायचं. स्वतःचं रोस्टर आणि जुने मूल्यमापन अहवाल आत्ताच जपून ठेवायचे.

सोलापुरातून तुमचं काम असं. तिने त्या-त्या दिवशी व्हॉट्सअॅपवर पाठवलेले मेसेज आणि व्हॉइस नोट पुरावा आहेत. आपोआप पुसण्याची सेटिंग बंद करा, चॅट एक्सपोर्ट करा, जुना फोन विकू नका. आपल्या फोनवरची वेळ तिथल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेनऊ, हिवाळ्यात साडेदहा तास पुढे असते. तिचा संध्याकाळचा मेसेज इथे दुसऱ्या दिवसाच्या तारखेला पडतो. यादीत न्यू जर्सीचीच तारीख घाला, नाहीतर उलटतपासणीत गोंधळ. मराठी मेसेजचं भाषांतर लागेल, मूळ मजकुराला हात लावू नका.

कायदा_कट्टा
तुम्हाला जबाब द्यावा लागला तर बहुतेक वेळा नोटरीची गरज नाही. भारतातून सही करताना "अमेरिकेच्या कायद्यांखाली खोट्या साक्षीच्या शिक्षेची जाणीव ठेवून" हे वाक्य इंग्रजीत आणि खाली तारीख हवी. आणि सेटलमेंटचा कागद समोर आला तर न्यू जर्सीतल्या कामगार वकिलाला दाखवल्याशिवाय सही नको. बरेच वकील केस जिंकल्यावरच टक्केवारीने फी घेतात, पहिल्या भेटीतच विचारून घ्या.