शाळा अचानक महिना-दोन महिने बंद पडली तर? लेखी आराखडा हवा आहे (जि. प. शाळा, पेठ तालुका)

पाड्यावरचा पालक
नमस्कार मंडळी. शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या सभेत विषय ठेवलाय: कोरोनासारखी साथ पुन्हा आली आणि एका रात्रीत शाळा बंद करायची वेळ आली, तर काय करायचं? शाळा पहिली ते सातवी, पट ६४, शिक्षक तीन, मुलं तीन पाड्यांवरची. एका पाड्यावर रेंजच नाही, दुसऱ्यावर टेकडीवर चढलं तर दोन कांड्या. द्राक्षाच्या छाटणीपासून बरीच घरं निफाड-दिंडोरीकडे कामाला असतात. मोठमोठी मार्गदर्शक तत्त्वं नकोत. कोणी काय करायचं, सामान किती लागतं आणि घोटाळा कुठे होतो, एवढंच सांगा.

केंद्रातला मास्तर
दादा, हा आराखडा शाळा चालू असतानाच निम्मा करून ठेवावा लागतो. सुरुवात संपर्क वहीपासून. हजेरीपटावरच्या मोबाईल नंबरांच्या भरवशावर राहू नका. रिचार्ज संपतो, सिम बंद पडतं, नवा नंबर येतो आणि शाळेला कोणी कळवत नाही. प्रत्येक मुलापुढे पाच रकाने ठेवा: फोन कोणाचा, साधा की स्मार्ट, दिवसा घरी राहतो की कामावर जातो, शेजारचा किंवा नातेवाइकाचा दुसरा नंबर, आणि कुटुंब कामाला जातं ते गाव व बागायतदार किंवा मुकादम. जूनमध्ये भरा, दिवाळीच्या सुट्टीआधी आणि जानेवारीत पुन्हा प्रत्येक नंबर लावून बघा. एक प्रत मुख्याध्यापकांच्या घरी राहू द्या. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि आठ-दहा दिवसांत टाळेबंदी लागली. अशा वेळी वही कपाटात आणि किल्ली दुसऱ्या गावात असली की सगळं अडतं.

वहीवरून तीन गट पडतात: फोन दिवसभर घरी असलेले, फोन संध्याकाळीच घरी येणारे, आणि साधा फोन किंवा फोनच नसलेले. आराखडा या तिसऱ्या गटापासून लिहायला घ्या. बहुतेक आराखडे पहिल्या गटासाठी लिहिलेले असतात आणि शेवटी ‘उर्वरित विद्यार्थ्यांशी शिक्षक संपर्क साधतील’ अशी एक ओळ असते. ती ओळ म्हणजेच तुमची शाळा.

तिसऱ्या गटाला कागद लागतो. एका मुलाला आठवड्याला ए-फोरचे ४ ताव पाठपोट पुरतात: दोन गणिताचे, एक भाषेचा, एक वाचायच्या उताऱ्याचा. ६४ मुलांना २५६ ताव. म्हणजे ५०० तावांचं रीम दोन आठवड्यांना १२ तावांनी कमी पडतं. महिन्याला तीन रीम धरा. पहिल्या दोन आठवड्यांचे संच आधीच छापून, दोऱ्याने बांधून, प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा, कारण टाळेबंदीत झेरॉक्सची दुकानंच बंद असतात. संच इयत्तेप्रमाणे करू नका, पातळीप्रमाणे करा: अक्षर, शब्द, उतारा; अंकओळख, हातच्याची बेरीज-वजाबाकी, भागाकार. पाचवीतल्या मुलाला उतारा वाचता येत नसेल तर पाचवीचा संच तो उघडणारही नाही, आणि घरी विचारायला कोणी नसतं. प्रत्येक नव्या प्रकाराआधी एक उदाहरण सोडवून दाखवलेलं हवं. उत्तरं पुढच्या आठवड्याच्या संचात द्या, त्याच संचात दिलीत तर मुलं उतरवून मोकळी होतात.

देवाणघेवाणीची जागा रेशन दुकान. आठवडे बाजार बंद होतात, रेशन दुकान उघडं राहतं आणि प्रत्येक घरातलं कोणी ना कोणी तिथे जातंच.

सातपूरच्या बाई
मास्तरांचं कागदाचं गणित मान्य. पण फोन अगदीच मोडीत काढू नका, साध्या फोनवरही बरंच होतं. कॉन्फरन्स कॉलवर तुम्ही धरून सहा जण बोलू शकतात, म्हणजे एका वेळी पाच मुलं. रेंज दोन कांड्या असली तरी चालतं, नेट लागत नाही. दहा-बारा मिनिटांचा कॉल पुरे: एकाने वाचायचं, दुसऱ्याने पुढचं वाक्य, मग पाढे. कॉल शिक्षकांनीच लावायचा, पालकांचा बॅलन्स खर्ची घालायचा नाही.

ज्यांच्याकडे स्मार्टफोन आहे त्यांनाही व्हिडिओवरचा तास लावायची घाई करू नका. फुकटच्या झूमवर ४० मिनिटांनी बैठक तुटते. व्हिडिओचा तासभर म्हणजे साधारण अर्धा ते एक जीबी डेटा, आणि रोजचा पॅक दीड जीबीचा. घरात तीन भावंडं असली तर दुपारपर्यंत पॅक संपला. त्याउलट पाच मिनिटांचा आवाजी संदेश एक एमबीच्या आत बसतो आणि वडील कंपनीतून आल्यावर रात्री आठ वाजताही ऐकता येतो. एमआयडीसीतल्या कामगारांच्या घरी हेच चालतं. सकाळी अकराचा ऑनलाइन तास तिथे कोणासाठी असतो, देव जाणे.

व्हॉट्सअ‍ॅपवरच्या दोन खोड्या सांगते. इयत्तेचा ग्रुप ‘फक्त ॲडमिन’वर ठेवा, नाहीतर गुड मॉर्निंगच्या फुलांखाली गृहपाठ गाडला जातो. आणि ग्रुपऐवजी ब्रॉडकास्ट लिस्ट वापरणार असाल, तर ज्या पालकांनी शिक्षकांचा नंबर सेव्ह केलेला नाही त्यांना संदेश जातच नाही. शिक्षकांना वाटतं पोचला. म्हणून पालकसभेत सगळ्यांचे फोन बाहेर काढायला लावून तिथेच नंबर सेव्ह करून घ्या.

कोठीवाला
पोषण आहार कोणी घेतलाच नाही, म्हणून लिहितो. शाळा बंद झाली की ताटातलं जेवण थांबतं. २०२० मध्ये शाळेत शिल्लक असलेला तांदूळ आणि डाळी-कडधान्यं पालकांना वाटायचे आदेश आले, पुढे कोरडा शिधाच देत होते. हिशेब आधी मांडून ठेवा. पहिली ते पाचवीला रोज १०० ग्रॅम तांदूळ, सहावी-सातवीला १५० ग्रॅम. २५ दिवसांचे एका मुलाचे अडीच किलो, मोठ्याचे पावणेचार किलो. समजा ४४ लहान आणि २० मोठे, तर ११० अधिक ७५, म्हणजे १८५ किलो, पन्नासाच्या जवळजवळ चार गोण्या.

मापट्याने वाटू नका. काट्यावर वजन करून पिशव्या आदल्या दिवशी भरा आणि वर मुलाचं नाव लिहा. पाड्यानुसार वेळा द्या, नाहीतर सगळे नऊलाच येतात आणि ज्या गर्दीसाठी शाळा बंद केली तीच शाळेच्या दारात जमते. रजिस्टरवर मुलाचं नाव, वजन, घेणाऱ्याची सही किंवा अंगठा. कामाला गेलेल्या घराचा वाटा परस्पर शेजाऱ्याला देऊ नका. फोन करून कोणाकडे द्यायचा ते विचारा आणि तसं रजिस्टरवर लिहा. नंतरच्या सगळ्या तक्रारी इथूनच निघतात. पावसाळ्यात बंद शाळेत तांदळाला महिन्याभरात टोके लागतात. गोण्या फळीवर, भिंतीपासून हातभर लांब, आणि आठवड्याला एकदा खोली उघडायची हे कोणाच्या तरी नावावर टाका.

पाड्यावरचा पालक
फार उपयोगी. दोन शंका. परत आलेले कागद एक दिवस बाजूला ठेवायचे का? आणि शाळेची इमारत विलगीकरणासाठी घेतली तर काय करायचं?

केंद्रातला मास्तर
कागद बाजूला ठेवायची गरज नाही. कोरोना मुख्यतः हवेतून, बंद जागेत पसरतो. हात धुतले की पुरे. पुढची साथ जुलाब-उलट्यांची निघाली तर नियम वेगळे, तेव्हा आरोग्य केंद्राला विचारा. पाच-सहा मुलांना शिकवायला बसवायचं झालं तर समाजमंदिराच्या आतल्या खोलीत नको, बाहेर ओट्यावर.

इमारतीचं: ताबा देण्याआधी सामानाची यादी करून दोन्ही बाजूंच्या सह्या घ्या. जनरल रजिस्टर, दाखल्यांचं बुक, संगणक, टीव्ही एका खोलीत कुलूपबंद. मीटरचं रीडिंग यादीवरच लिहा, नाहीतर त्या काळातलं वीजबिल शाळेच्या नावावर बसतं. परत मिळाल्यावर खिडक्या उघड्या ठेवून फरशी आणि संडास १ टक्का हायपोक्लोराइटने (ब्लीचच्या जंतुनाशक पाण्याने) पुसायचे. बाजारातलं ५ टक्क्यांचं असेल तर एक भाग ते, चार भाग पाणी. त्यात संडासचं ॲसिड चुकूनही मिसळू नका, क्लोरीन वायू सुटतो. पाण्याची टाकी रिकामी करून घासल्याशिवाय मुलांना पाणी नाही.

हायस्कूल, नाशिकरोड
तुमची शाळा सातवीपर्यंत आहे, तरी गुणांच्या नोंदींबद्दल सांगतो. २०२० मध्ये नववीची दुसऱ्या सत्राची परीक्षा झाली नाही, निकाल पहिल्या सत्रावर आणि अंतर्गत मूल्यमापनावर लागला. तीच मुलं २०२१ ला दहावीत, आणि तीही परीक्षा रद्द. मग निकालात नववीचे ५० गुण, दहावीच्या वर्षातल्या लेखी मूल्यमापनाचे ३०, तोंडी-प्रात्यक्षिक-गृहपाठाचे २०. म्हणजे २०१९ च्या दिवाळीआधी दिलेला सहामाहीचा पेपर दहावीच्या गुणपत्रिकेत उतरला. कोणालाही तेव्हा हे ठाऊक नव्हतं. म्हणून चाचण्यांचे गुण ‘नंतर भरू’ म्हणून सोडू नका. त्या त्या आठवड्यात वहीत चढवा, पेपर गठ्ठा बांधून ठेवा.

सातपूरच्या बाई
शाळा उघडतानाचंही आराखड्यात घ्या. नववी ते बारावीसाठी राज्याने २३ नोव्हेंबर २०२० ही तारीख दिली होती, पण निर्णय स्थानिक प्रशासनावर सोडला, आणि नाशिकला वर्ग ४ जानेवारी २०२१ ला भरले. लहान इयत्तांना त्याहून कितीतरी उशीर लागला. तेव्हा ‘बंद महिनाभर’ हे धरून चालू नका. कागदाचं चक्र सहा महिने चालवता येईल असं लावा.

उघडल्यावर लगेच धडा पहिला सुरू करायचा नाही. प्रत्येक मुलाला एकट्याला बसवून दहा मिनिटं: एक उतारा वाचून घ्या, दोन वजाबाक्या, एक भागाकार. ६४ मुलं तीन शिक्षकांत वाटली तर एकेकाला साडेतीन तास, दोन दिवसांत होतं. मग पुन्हा पातळीचे गट. २०२१ ला मागच्या इयत्तेचं राहिलेलं भरून काढायला ४५ दिवसांचा सेतू अभ्यासक्रम आला होता, तसं काही आलं तर याच गटांना लावा.

कोठीवाला
कामाला जाणाऱ्या घरांच्या मुलांना निघण्याआधी शिक्षण हमी कार्ड द्यायला विसरू नका, समितीने ठराव करून ठेवा. मूल निफाडला असताना तिकडची शाळा उघडली आणि तुमची बंद असली, तर कार्डावर तिकडे बसता येतं. कार्डाचा नंबर संपर्क वहीत त्याच ओळीत लिहा.