'फायर'मधून दीपा मेहतांना नेमकं काय म्हणायचंय?

केळीबाग, रावेर
काल रात्री 'फायर' पहिल्यांदा पूर्ण बघितला, झोपच लागली नाही. १९९८ ला मुंबईत थेटरं फोडली तेव्हा मी शाळेत होतो, घरी फक्त 'घाणेरडा पिच्चर' एवढंच कानावर आलं होतं. पण एक गोष्ट खटकतेय. राधाचा नवरा अशोक स्वामींच्या नादी लागून १३ वर्षं ब्रह्मचर्य पाळतोय, सीताचा नवरा जतीन दुसरीच्या मागे. म्हणजे नवरे धड असते तर या दोघी जावा जवळ आल्याच नसत्या, असं म्हणायचंय का? मग ते प्रेम कसलं, नाइलाजच झाला ना?

तापीकाठ, भुसावळ
भाऊ, मेहता स्वतःच सांगत आल्यात की सिनेमा लेस्बियन प्रेमापेक्षा एकटेपणावर आहे. सिनेमाच्या बाजूने बोर्ड घेऊन दिल्लीत रस्त्यावर उतरलेल्या बायकांपैकी काहींना हेच मनाला लागलं होतं. माझ्या मते दोन्ही नवरे इतके वाईट दाखवून त्यांनीच घोळ केला.

कळण्याची भाकर, यावल
मला नाही पटत. मुलाखती ठेवा बाजूला, पिकनिकचा सीन बघा. सगळं घर बसलंय, सीता राधाचे पाय चेपतेय आणि अशोक समोर बसून खूश! आमच्याकडे मोठ्या जाऊबाई दुपारी ओट्यावर माझ्या डोक्याला तेल लावतात, कोणी ढुंकून बघत नाही, जावा-जावांचं जमतं म्हणून सासूबाई उलट चारचौघात कौतुक करतात. मेहतांनी बरोब्बर तीच जागा धरलीय. आणि शेवटी राधा नवऱ्याला 'तू माझ्याकडे बघितलं नाहीस' असं म्हणतच नाही, इच्छा नव्हती तेव्हा मी मेलेलीच होते असं सांगते, सीताचं नाव घेऊन सांगते. यात नाइलाज कुठे आला?

धुळेकर
'उंबरठा' आठवा, १९८२ चा. स्मिता पाटील, वडील आपल्या शिरपूरचे. त्यात आश्रमातल्या दोन बायकांचं असं प्रकरण निघतं तर स्मिताने केलेल्या सुलभासारख्या समजूतदार बाईलाही तो आजार वाटतो, उपचार करावेसे वाटतात. 'फायर'मध्ये आजाराचं नावच नाही, ही केवढी मोठी गोष्ट. बाकी सेन्सॉरने हिंदीत सीताची नीता करायला लावली, भीती कशाची होती ते त्यावरून कळतं.

केळीबाग, रावेर
ताई, आत्ता शेवट परत लावला. राधाची साडी पेटते आणि अशोक तिला तसंच सोडून आईला उचलून बाहेर नेतो. नुसता एकटेपणा दाखवायचा असता तर तिथेच संपवला असता. पण ती वाचते, आणि पावसात निजामुद्दीनच्या दर्ग्यात सीता तिची वाट बघत बसलेली असते. राधाचं पटलं. जतीन मात्र अजून खटकतोच.