मदत हवी आहे : मसाल्याच्या केकवरचा चुरा दर वेळी आत बुडतोय

शहापूरची_वैनी
नमस्कार मंडळी. मी बेळगावात शहापूरला राहते. केक तीनदा बिघडलाय, त्यामुळं जरा लांबण लागणार, सांभाळून घ्या.

सासूबाई मध्यंतरी धाकट्या दिरांकडं पेनसिल्व्हेनियाला सहा महिने राहून आल्या. तिथं शेजारची एक आजी दर आठवड्याला केक घेऊन यायची. क्रीम नाही, आयसिंग नाही. वर नानकटाई चुरल्यासारखा थर आणि आत दालचिनी-लवंगेचा वास. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, तरी दुपार कशी जायची कळायचं नाही म्हणतात. आता पाऊस सुरू झाल्यापासून रोज संध्याकाळी विचारायल्यात, "तो चुऱ्या-चुऱ्याचा केक तुला जमंल काय गं?"

जाऊबाईंनी त्या आजीच्या कार्डाचा फोटो पाठवलाय. नाव 'कॉफी केक'. मैदा २ कप, ब्राउन शुगर दीड कप, लोणी अर्धा कप, हे बोटांनी चोळून रवाळ करायचं. त्यातला पाऊण कप चुरा बाजूला काढायचा. उरलेल्यात दालचिनी १ चमचा, लवंग-जायफळपूड पाव-पाव चमचा, सोडा १ चमचा, १ अंडं आणि १ कप 'आंबट दूध'. ९ इंची चौकोनी टिनात ओतून वर काढलेला चुरा पसरायचा. ३५० फॅरनहाइट, म्हणजे आपले १७५-१८० सेल्सिअस, ३५ ते ४० मिनिटं.

पहिल्यांदा नाव वाचून मी दोन चमचे इन्स्टंट कॉफी घातली. हसू नका. कडू झाला तो झालाच, वर चुरा सगळा तळाला. दुसऱ्यांदा कॉफी वगळली, तर रंग काळपट आणि चव साबणासारखी. तिसऱ्यांदा कडा करपल्या, मध्ये सुरी घातली तर खीर. भरीत भर म्हणजे विसाव्या मिनिटाला लाईट गेली, पण तिच्यावर सगळं ढकलत नाही.

माझं सामान सांगते. घरचं लोणी, घरचं ताक, ब्राउन शुगरऐवजी किसलेला गूळ. ओटीजी (विजेचा छोटा ओव्हन) आहे, टिन ७ इंची गोल. मापाचे कप आणलेत, चमचा मात्र चहाचाच. श्रावण लागला की आमच्या घरात अंडं येत नाही, आणि हातात बारा दिवस आहेत. चुकतंय कुठं?

कॅम्पातला
वैनी, आधी कॉफीचं. त्या केकमध्ये कॉफी नसतेच. कॉफीबरोबर खायचा म्हणून कॉफी केक, आपल्या चहाच्या बिस्किटात चहा असतो का? वरच्या चुऱ्याला श्ट्रॉयझल म्हणतात, जर्मन शब्द आहे, भुरभुरणे या अर्थाचा. पेनसिल्व्हेनियात जर्मन लोक फार पूर्वीपासून आहेत. फिलाडेल्फियाजवळचं जर्मनटाउन १६८३ साली वसलं. त्यामुळं ती आजी तिकडं असणं अगदी बरोबर.

बाकी बेळगाव उंचावर आहे, त्याचाही परिणाम होत असेल. उंचावर केक नीट फुगत नाहीत असं ऐकलंय.

ओव्हनवेडी
@कॅम्पातला, दादा, बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर. उंचीसाठी मापं बदलायला लागतात ती साधारण ९०० मीटरच्या वर. उंचीला सोडा. (सोड्यालाही सोडा, त्याच्यावर येतेच.)

ताई, तुमचा मोठा घोळ टिनाचा आहे. ९ इंची चौकोनाचं क्षेत्रफळ ८१ चौरस इंच. ७ इंची गोलाचं जेमतेम साडेअडतीस. म्हणजे तेवढंच पीठ तुम्ही निम्म्याहून कमी जागेत ओतताय. थर दुप्पट जाड होणार, कडा करपेपर्यंत मध्यापर्यंत आच पोचणारच नाही. टिन बदलू नका, माप निम्मं करा, चपखल बसेल. अर्धं अंडं कसं घ्यायचं विचाराल, तर फेटून त्यातलं दीड मोठा चमचा घ्यायचं. उरलेलं ऑम्लेटला.

आता सोडा. कार्डावरचा चमचा म्हणजे ५ मिलीचा, सपाट. चहाचा चमचा शीग लावून घेतला तर सहज दुप्पट पडतो. साधारण १ कप आंबट ताकाला अर्धा चमचा सोडा पुरतो, आंबटपणा तेवढाच सोडा खातो. उरलेला तसाच राहतो आणि साबणाची चव तीच. पदार्थ अल्कली झाला की रंगही लवकर गडद होतो. तुम्ही निम्म्या मापाला पाव चमचा घ्या, वर अर्धा चमचा बेकिंग पावडर.

शहापूरची_वैनी
अगं बाई. शीग लावूनच घेतला होता. पण चुरा बुडतोय तो का? सासूबाईंना केक कमी, चुरा जास्त हवाय.

खानापूर_रोड
ताकामुळं. आपलं घरचं ताक म्हणजे लोणी काढून उरलेलं, त्यात परत पाणी. तिकडचं बाजारातलं बटरमिल्क दाट असतं, जवळजवळ पातळ दह्यासारखं. तुम्ही पळीवाढं पीठ केलंत, चुरा त्यात तरंगणार कसा? पाऊण कप आंबट दही आणि पाव कप पाणी घुसळून घ्या, निम्म्या मापाला त्याचं निम्मं. पीठ चमच्यातून धारेनं पडता कामा नये, गोळ्यागोळ्यानं पडलं पाहिजे.

आणि लोणी. बेळगावच्या लोण्याचं नाव मुंबई-पुण्यात निघतं, मलाही त्याचा अभिमान आहे, पण घरचं लोणी धुतलेलं असतं, पाणी धरून ठेवतं. त्यात मैदा चोळला की रवाळ होत नाही, लगदा होतो. तळहातावर दाबून पाणी काढा, मग तासभर फ्रिजमध्ये घट्ट होऊ द्या. माझी आई तर सरळ थिजलेलं रवाळ तूप घालायची. तुपात पाणी नाही, म्हणून ११० ग्रॅम लोण्याच्या जागी ९० ग्रॅमच्या आसपास बास.

गूळवाला_संकेश्वर
आमच्या गुळाला कोणी नाव ठेवलं नाही अजून, म्हणून मीच ठेवतो. आषाढात गूळ पाझरतो, हवेतलं पाणी ओढतो. किसलात तरी चिकट गोळा होणार. तुमच्या चुऱ्याचं निम्मं दुखणं तिथं असणार. ब्राउन शुगर म्हणजे साखरेला मळीचा हात. आपल्याकडं काकवी मिळते की. १ कप साखरेला १ मोठा चमचा काकवी चोळा, झाली ब्राउन शुगर. चव थोडी वेगळी लागते, मला विचाराल तर जास्त चांगली.

निपाणीकर_मावशी
मी चुरा नंतर घालते. केक पंधरा मिनिटं भाजला, वरून साय धरली की दार उघडून पसरायचा. बुडायचा प्रश्नच नाही.

ओव्हनवेडी
मावशी, दार उघडलं की ओटीजीची आच झपकन उतरते आणि मध्यभाग बसायची भीती असते. छोट्या ओटीजीत तर जास्तच. पीठ दाट असेल तर याची गरजच नाही.

निपाणीकर_मावशी
बसतो कधीकधी, खोटं कशाला बोलू. पण चुऱ्याखाली झाकून जातं की.

ओव्हनवेडी
:) ते मात्र खरं.

ताई, अजून एक. बाजूला काढलेल्या चुऱ्यात दोन चमचे मैदा आणि एक चमचा साखर वरून घाला, मुठीत दाबा आणि मटाराएवढे खडे मोडा. पूड करू नका, पूड विरघळते, खडे राहतात. पीठ तयार होईपर्यंत फ्रिजमध्ये ठेवा. जाळी मधल्या खणात, आणि टिन वरच्या सळईच्या फार जवळ जाऊ देऊ नका. थर आता आधीसारखा जाड नसल्यानं तिसाव्या मिनिटापासून काडी घालून बघा.

कॅम्पातला
आणि लाईट जाण्यावर उपाय? पूर्वी ख्रिसमसला, दिवाळीला लोक टिनं घेऊन बेकरीच्या भट्टीवर जायचे. पावाचा घाणा निघाल्यावर उरलेल्या आचेवर नानकटाई मस्त व्हायची. ओळखीचा भट्टीवाला असेल तर विचारून बघा.

शहापूरची_वैनी
सगळ्यांचे आभार, काल केला. निम्मं माप, दह्याचं घुसळण, मोजून सोडा, साखर-काकवी. लोणी दाबलं तर वाटीत दोन चमचे पाणी निघालं, इतकी वर्षं कोणाला दिसलं नव्हतं! लवंग मात्र कार्डापेक्षा कमी घातली, आमची लवंग तिखट आहे.

३४ मिनिटांत काडी कोरडी निघाली. चुरा वर राहिला, फक्त एका कोपऱ्यात खचला. गोल टिनात कोपरा कसा विचारू नका, टिनाचा पोचा म्हणा. मावशींची आयडिया नाही वापरली, दार उघडायला धीर झाला नाही.

सासूबाईंनी आधी वरचा सगळा चुरा वेचून खाल्ला, मग केक. म्हणाल्या, त्या आजीचा थोडा कोरडा असायचा, कॉफीत बुडवता यायचा, तुझा हातातच मोडतोय. म्हणजे दही थोडं कमी करू, की दोन मिनिटं जास्त ठेवू? श्रावणाआधी एकदाच करता येईल, त्यामुळं जाणकारांनी दोन्हींपैकी एकच सांगावं.

ओव्हनवेडी
कमी काही करू नका. केलेल्या दिवशी खाल्लात म्हणून मोडला. पूर्ण गार करून डब्यात ठेवा आणि दुसऱ्या दिवशी कापा.

शहापूरची_वैनी
दुसऱ्या दिवसापर्यंत उरला पाहिजे ना!