नव्या परिचारिकेचे पहिले वर्ष : आपले अनुभव लिहा

शेवंती
मी ज्या जिल्हा रुग्णालयातून परिसेविका (वॉर्डाची प्रमुख परिचारिका) म्हणून निवृत्त झाले, तिथे नव्याने रुजू झालेल्या अधिपरिचारिकांशी (स्टाफ नर्सशी) बोलण्यासाठी गेल्या आठवड्यात मला बोलावले होते. शेवटी एका मुलीने विचारले, "रात्री दोन वाजता डॉक्टरांना उठवावे की सकाळपर्यंत वाट पाहावी, हे कसे ठरवायचे?" तो प्रश्न ऐकून मला माझ्या पहिल्या वॉर्डातील परिसेविकाबाई आठवल्या, म्हणून हा धागा काढत आहे.

जीएनएम या परिचर्या पदविकेची तीन किंवा बीएस्सी नर्सिंगची चार वर्षे पूर्ण करून, महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नोंदणी करून मुलगी वॉर्डात येते, तेव्हा तिला काही येत नसते असे मुळीच नाही. पण विद्यार्थिनी असताना शेवटचा निर्णय नेहमी दुसऱ्या कुणाचा असतो आणि नोकरीच्या पहिल्याच रात्रपाळीत तो तिच्यावर येऊन पडतो. बाईंनी मला यासाठी एक शिस्त लावली होती. फोन करण्याआधी नाडी, रक्तदाब, श्वासांची गती, ऑक्सिजनचे प्रमाण आणि लघवीचे माप हाताशी ठेवायचे, आधीच्या पाळीत हेच आकडे काय होते ते पाहायचे आणि शेवटी "मला अमुक गोष्टीची काळजी वाटते, आपण येऊन पाहावे" असे स्पष्ट म्हणायचे. श्वास पूर्ण एक मिनिट, घड्याळ धरून मोजण्याबद्दल त्या फार कडक होत्या. प्रकृती ढासळू लागली की रक्तदाब उतरण्याच्या बऱ्याच आधी श्वासांची गती वाढते, आणि नेमका हाच आकडा केसपेपरवर अंदाजाने लिहिला जातो. रुग्णाच्या खाटेशी माझ्याबरोबर उभ्या राहून त्यांनी मोजलेले ते श्वास हे माझे खरे शिक्षण होते, असे मी आजही मानते.

ज्यांना कुणी हाताशी धरून शिकवले, ज्यांनी इतरांना शिकवले आणि ज्यांना असे कुणीच भेटले नाही, त्या सर्वांनी लिहावे.

रानजाई
आमच्याकडे नव्या मुलींना शिकवण्याची सुरुवात इन्सुलिनपासून होते. आपल्या बाजारात एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट असलेली कुपीही मिळते आणि १०० युनिट असलेलीही. पहिलीसाठी लाल टोपणाची सिरिंज असते, दुसरीसाठी नारिंगी. १०० च्या कुपीतील इन्सुलिन ४० च्या सिरिंजमध्ये १० च्या खुणेपर्यंत ओढले, तर रुग्णाला १० नव्हे, २५ युनिट जातात. फळ्यावर हे सांगितले की सगळ्याजणी माना डोलावतात. मी मात्र मुदत संपलेल्या दोन्ही कुप्या आणि दोन्ही प्रकारच्या सिरिंजा एकाच ट्रेमध्ये ठेवते आणि "आता १० युनिट भरून दाखव" म्हणते. तेव्हा जो हात क्षणभर थांबतो, त्या थांबण्यासाठीच माझा हा सारा खटाटोप असतो.

त्यानंतर लगेच पोटॅशियम क्लोराइड. १० मिलिलिटरच्या एका अँप्युलमध्ये २० मिलिइक्विव्हॅलंट पोटॅशियम असते. ते सलाईनमध्ये मिसळून सावकाशच द्यावे लागते, थेट शिरेत दिले तर हृदय बंद पडते. या अँप्युल इतर औषधांच्या कप्प्यात ठेवायच्या नाहीत, हा नियम मी नव्या मुलींकडूनच पाळून घेते. म्हणजे कप्पा लावताना त्यामागचे कारणही त्यांच्या लक्षात राहते.

केळफूल
मला असे कुणी भेटले नाही. शहरातील एका खासगी रुग्णालयात रुजू होताना माझी मूळ प्रमाणपत्रे ठेवून घेण्यात आली आणि पहिल्याच आठवड्यात रात्रपाळीला संपूर्ण मजला माझ्याकडे देण्यात आला. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांनुसार सर्वसाधारण वॉर्डात अध्यापन रुग्णालय असल्यास तीन रुग्णांमागे आणि अन्यत्र पाच रुग्णांमागे एक परिचारिका असायला हवी. प्रत्यक्षात काय असते ते येथे सर्वांना ठाऊक आहे. मला सर्वाधिक बोचले ते कामाचे ओझे नव्हे. प्रश्न विचारला की "कॉलेजात काय शिकलीस?" हे उत्तर मिळत असे आणि काही दिवसांतच मी विचारणे बंद केले. ज्या वॉर्डात नव्या मुली काहीच विचारत नाहीत, तो वॉर्ड सुरळीत चालला आहे असे प्रमुखांना वाटते, पण खरे तर तिथेच सर्वांत जास्त धोका असतो.

शेवंती
केळफूल, हे वाचून फार वाईट वाटले. आपण तरीही या व्यवसायात टिकून राहिलात, हे आपल्या रुग्णांचे भाग्य आहे. कॉलेजचा टोमणा सरकारी रुग्णालयांतही ऐकू येतो, आणि तो देणाऱ्या बहुतेकींनी स्वतः तो ऐकलेला असतो.

पैलतीर
पुण्यात अतिदक्षता विभागात काही वर्षे काम करून मी इंग्लंडमध्ये आले. इथली प्रात्यक्षिक परीक्षा उत्तीर्ण होऊन नोंदणी क्रमांक मिळाल्यावरही सुरुवातीचे काही आठवडे मला पाळीच्या मनुष्यबळात धरत नव्हते. मी वॉर्डात असे, काम करत असे, पण माझ्या भरवशावर एकही खाट नसे. अनुभव असताना ही वागणूक का, असे प्रथम वाटले. पुढे एका ज्येष्ठ सहकारी परिचारिकेला माझी मार्गदर्शक म्हणून नेमले गेले आणि ठरलेल्या वेळी तिच्याशी बसून बोलणे हा कामाचाच भाग झाला. इथल्या परिचर्या परिषदेने २०२० मध्ये अशा मार्गदर्शनाची तत्त्वे प्रसिद्ध केली आहेत.

आपल्याकडे हे अशक्य आहे असे म्हणणाऱ्यांना मी एवढेच सांगेन की त्यातील सर्वांत उपयोगी गोष्टीला पैसा लागत नाही. "या मुलीने काही अडले तर कुणाला विचारायचे?" या प्रश्नाचे उत्तर पाळीच्या वेळापत्रकावर एका नावाने लिहिलेले असावे. "कुणालाही विचार" असे सांगितले की मुलगी कुणालाच विचारत नाही.

सागरगोटा
पुरुष परिचारकांबद्दलही लिहितो. पदवी घेऊन आलो तरी नातेवाईक आम्हाला वॉर्डबॉय समजून स्ट्रेचर ओढायला सांगतात, आणि प्रशासन कॅज्युअल्टी, अस्थिव्यंग किंवा मनोरुग्ण विभागापलीकडे आम्हाला फारसे पाठवत नाही, त्यामुळे निम्मे शिक्षण हाताखालून जातच नाही. माझ्या इंचार्ज सिस्टरांनी पहिल्या दिवसापासून ओव्हर (आधीच्या पाळीकडून रुग्णांची माहिती) घेताना मला प्रत्येक खाटेपाशी नेले आणि "हे ब्रदर आज आपली काळजी घेणार आहेत, औषधाचे काहीही यांनाच विचारा" अशी ओळख करून दिली. स्त्री रुग्णाच्या ड्रेसिंगच्या वेळी परवानगी कशी मागायची, सोबत कुणाला थांबवायचे, पडदा कधी ओढायचा, हे त्यांनी स्वतः करून दाखवले. त्यांच्या त्या एका वाक्यामुळे वॉर्डात माझे स्थान ठरले.

अबोली
संसर्ग नियंत्रणाचे काम पाहते, म्हणून एक महत्त्वाची गोष्ट. वापरलेली सुई टोचली की नवी मुलगी ते लपवते, कारण आपल्याला बेफिकीर ठरवतील अशी तिला भीती असते. जखम साबण व वाहत्या पाण्याने धुवावी, पिळू नये आणि त्याच पाळीत कळवावे. एचआयव्ही प्रतिबंधक औषधे शक्यतो दोन तासांच्या आत आणि कोणत्याही परिस्थितीत ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात. ती २८ दिवस घ्यायची असतात. हिपॅटायटिस बीच्या लसीच्या तीन मात्रा ०, १ आणि ६ महिन्यांनी होतात, म्हणून रुजू होतानाच लसीकरणाची चौकशी करावी. सुई टोचल्याचे सांगायला आलेल्या मुलीला माझा पहिला प्रश्न "कसे झाले?" असा नसतो. "किती वाजता झाले?" असा असतो. त्यामुळे ती मोकळेपणाने बोलते आणि उपचाराची वेळही वाचते.

लातूरकर
मी परिचारिका नाही. माझी मुलगी मुंबईत नुकतीच रुजू झाली आहे. रात्रपाळीहून आल्यावर खोलीतील इतर मुलींच्या वर्दळीत तिला झोप लागत नाही आणि जेवणही धड होत नाही. हा प्रश्न येथे बसतो की नाही हे ठाऊक नाही, पण यावर काही उपाय असल्यास कृपया सांगावा.

रानजाई
ताई, हा प्रश्न येथेच बसतो. झोप न झालेल्या मुलीला पहाटे चारच्या औषधांचा हिशेब चुकण्याचा धोका सर्वाधिक असतो. एकाच पाळीच्या मुलींना एका खोलीत ठेवावे, अशी लेखी विनंती तिने अधिसेविकांकडे (मेट्रनकडे) करावी. आमच्याकडे ती मान्य झाली आहे. रात्री मध्यावर डाळभात किंवा भाकरीभाजी असे पोटभर पण हलके जेवावे आणि पहाटे तीननंतर चहा टाळावा, म्हणजे सकाळी झोप लागते.

नवी पालवी
मी अंतिम वर्षाला आहे. हा संपूर्ण धागा वाचून काढला. केळफूल यांनी लिहिले आहे त्याची भीती वाटते, पण विचारायचे थांबवायचे नाही असे ठरवले आहे, म्हणून येथूनच सुरुवात करते. सलाईनच्या थेंबांचा हिशेब मला परीक्षेत जमतो आणि वॉर्डात जमत नाही. ५०० मिलिलिटर आठ तासांत द्यायचे असेल, तर आपण मनातल्या मनात कसे करता?

केळफूल
चांगला प्रश्न विचारलात. प्रथम सलाईनच्या नळीच्या संचाचे वेष्टन पाहा, त्यावर एका मिलिलिटरचे थेंब छापलेले असतात. नेहमीच्या संचात बहुधा २० आणि मायक्रो संचात ६०. ५०० भागिले ८ म्हणजे तासाला साधारण ६२ मिलिलिटर. मायक्रो संच असेल तर हाच आकडा मिनिटाचे थेंब होतो. २० थेंबांच्या संचात त्याला तीनने भागा, म्हणजे मिनिटाला सुमारे २१ थेंब येतात. थेंब लावल्यावर पूर्ण मिनिट मोजा आणि अर्ध्या तासाने पुन्हा पाहा, कारण रुग्णाने हात वाकवला की गती बदलते. बाटलीवर पट्टी चिकटवून तिच्यावर तासातासाच्या खुणा करून ठेवल्यात, तर पुढच्या पाळीलाही ओव्हर घेताना एका नजरेत कळते.