गरोदरपणाचा सातवा आठवडा आणि मायग्रेन, गोळी घेऊ की सोसू?

अर्धशिशीवाली:
मैत्रिणींनो सातवा आठवडा चालूय. मायग्रेन कॉलेजपासूनच आहे, डाव्या डोळ्यामागून सुरू होऊन पार मानेपर्यंत. आधी व्हॅसोग्रेन घेतली की दोन तासात कामाला लागायचे, आता डॉक्टरीणबाईंनी ती बंद केलीये, लागली तर पॅरासिटामॉल घे म्हणाल्या. पण सासूबाई म्हणतात पहिले तीन महिने कुठलीच गोळी नको, सुंठ उगाळून लाव. काल लावली, कपाळाची आग आग आणि दुखणं आहे तिथेच. तुम्ही काय केलंत?

दोन_पोरांची_आई:
व्हॅसोग्रेन अजिबात नको गं, त्यात अर्गोटामाइन असतं, त्याने रक्तवाहिन्या आणि गर्भाशय दोन्ही आकसतात. कॉम्बिफ्लामपण नको, त्यात आयबुप्रोफेन हे पेनकिलर आहे, आपल्याकडे घरोघरी पडलेली असते म्हणून सांगतेय. साधी पॅरासिटामॉल मी दोन्ही वेळा डॉक्टरांना विचारून घेतली. पहिल्या वेळी उगाच सोसत बसायचे, मग उलट्या सुरू झाल्या की गोळीच बाहेर! दुखायला लागल्या लागल्या घे. उलटीवरचं औषधही विचारून ठेव.

कॉफीप्रेमी:
माझं सगळं रिकाम्या पोटी व्हायचं. चतुर्थी सोडली सरळ, बाप्पा समजून घेतो. रात्री उशाशी राजगिऱ्याचा लाडू ठेवायचे. आणि कॉफी एकदम तोडू नकोस, मी तोडली तर त्यानेच चार दिवस डोकं ठणकलं, कॅफीन दिवसाला 200 मिलिग्रॅमच्या आत ठेवायला सांगितलं होतं, तेवढी पुरते. चौथ्या महिन्यानंतर दुखणं जवळजवळ गायब झालं, बऱ्याच जणींचं कमी होतं म्हणे. डिलिव्हरीनंतर आलं परत, ते जाऊदे.

रात्रपाळी:
मी प्रसूती वॉर्डला नर्स आहे म्हणून एकच सांगते. पाचव्या महिन्यानंतर नेहमीपेक्षा वेगळं डोकं दुखलं, डोळ्यापुढे काजवे, बरगडीखाली दुखणं, तोंडा-हातावर सूज असं काही दिसलं तर मायग्रेनच असेल म्हणून झोपून राहायचं नाही, तेव्हाच्या तेव्हा बीपी बघायचं. 140/90 किंवा वर असेल तर रात्र असली तरी दवाखाना गाठ. आमच्याकडे एक बाई सकाळपर्यंत थांबून आली, बीपी 160/110.

अर्धशिशीवाली:
थँक्यू गं सगळ्यांना, बीपीचं मला कुणी सांगितलंच नव्हतं. काल रात्री घेतली एक पॅरासिटामॉल, खोलीत अंधार करून पडले, तासाभरात उतरलं. सासूबाई खूश, त्यांना वाटतंय सुंठीनेच गेलं 😄 मी काही बोलले नाही.